गिअरचे बयान

जगातले कुठलेही यंत्र खोटे बोलत नाही, असे मनापासून मानणारा एकच माणूस मी आजवर पाहिला, आणि तो म्हणजे माझे थोरले साडू. माणसे खोटे बोलतात, देव बरेचदा गप्प बसतो, पण यंत्राला नीट विचारले तर ते खरे तेच सांगते, अशी त्यांची श्रद्धा होती. अशा माणसाच्या वाट्याला साऱ्या आयुष्यात एकच खोटे बोलणारे यंत्र आले, आणि त्याला खोटे बोलायला मी लावले. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे हसताना कुणी मला बाजूला उभा राहिलेला साक्षीदार समजणार नाही. त्यांच्या मोटारबोटीच्या गिअरमध्ये चांद्याहून आणलेले खास तेल म्हणून जे गेले, ते मोहाच्या बियांचे तेल होते. आमच्याकडे त्याला टोरीचे तेल म्हणतात. बायका त्यात वडे तळतात, कंदील नसला की दिवा लावतात, आणि थंडीत ते तुपासारखे थिजते. हे आमच्या भागात रांगणाऱ्या पोरालाही ठाऊक असते. मी तर शाळामास्तर होतो.

साडू पूर्वी सिरोंच्याकडे कोर्टात बेलीफ होते. उमेदीची सगळी वर्षे त्यांनी समन्स बजावण्यात घालवली, म्हणजे खरे तर नदीकाठी बसून घालवली. आमच्या मुलखात गाव आणि कोर्ट यांच्यामध्ये कायम एखादी नदी असते. तीही एकच नाही, कधी प्राणहिता, कधी इंद्रावती, कधी दोन्ही. डोंगा पलीकडे गेलेला असला की तो परत येईपर्यंत बेलीफाने काय करायचे, तर बसायचे. एकदा एका विधवा बाईच्या जमिनीच्या दाव्याचे समन्स घेऊन ते पूर ओसरण्याची वाट पाहत बसले, आणि ते पोचले तेव्हा तारीख होऊन गेली होती. निकाल एकतर्फी लागला. त्या बाईने त्यांना दोष दिला नाही, उलट पाणी दिले. पण ते पाणी त्यांच्या घशात कुठेतरी अडकून राहिले असावे, कारण पुढे कुठल्याही विषयावर बोलताना ते शेवटी त्या बाईपाशी येऊन थांबत. "मास्तर," ते मला म्हणत, "मी जन्मभर कोणाले उशिरा पोचवलं नाई. नदीनं पोचवलं. आता नदीचाच बंदोबस्त करतो."

कोर्टाची नोकरी सुटली, पण कोर्ट त्यांच्यातून सुटले नाही. गावात काहीही बिघडले की ते त्यांच्याकडे यायचे, आणि ते आधी त्याचे बयान घ्यायचे. त्यांचा नियम होता, "आधी बयान, मग पाना." बिघडलेली वस्तू पाटावर ठेवायची, समोर मांडी घालून बसायचे, उपरणे कानावरून बांधायचे आणि एकेका भागाला प्रश्न विचारायचे. उत्तरेही तेच द्यायचे, पण आवाज बदलून, जरा बारीक, भेदरलेल्या साक्षीदारासारखा. "तुझं नाव?" "स्प्रिंग, साहेब." "काम काय करतेस?" "ढकलते, साहेब." "काऊन थांबली?" मग स्प्रिंगला बोटाने दाबून पाहायचे, ती उडाली तर तिची निर्दोष सुटका, पुढचा साक्षीदार हजर. त्यात आरडाओरडा नसे, मारझोड तर मुळीच नसे. बंद पडलेल्या बत्तीवर किंवा घड्याळावर चापट मारणाऱ्या माणसाकडे ते अशा नजरेने पाहत, की तो पुन्हा आपल्या बैलावरसुद्धा हात उगारत नसे. एका लग्नात ऐन मुहूर्तावर पेट्रोमॅक्स विझली. साडूंनी तिचे बयान घ्यायला सुरुवात केली. मंगलाष्टके झाली, अक्षता पडल्या, वऱ्हाडी अंधारात चाचपडत पंगतीला बसले, आणि जेवणे आटोपल्यावर मांडवात एकदम लख्ख उजेड पडला. साडूंनी बाहेर येऊन जाहीर केले, की दोष बत्तीचा नव्हता, पिन निरपराध होती, कचरा घासलेटात होता. नवरदेवाने त्या उजेडात बायकोचे तोंड पहिल्यांदा पाहिले. शाळेचे घड्याळ त्यांनी दुरुस्त केले ते आठवडाभर एवढ्या उत्साहाने पुढे पळत होते, की पोरे ऊन उतरायच्या आधीच घरी जात आणि वाटेत साडूंच्या ओसरीला हात जोडत.

माझ्यावरही त्यांचा असाच प्रयोग झाला होता. एकदा माझी छत्री हरवली आणि दुर्बुद्धी होऊन मी ते त्यांच्यासमोर बोललो. न्याहारीला सुरू झालेले माझे बयान दिवेलागणीला संपले. छत्री कुठे टेकवली, तेव्हा हात कोरडा होता की ओला, मनात कोणता विचार होता. शेवटी छत्री सापडली नाही, पण मी आयुष्यात किती गोष्टी लक्ष न देता करतो, याची मला कायमची जाणीव झाली. आज या छत्रीची गोष्ट सांगतो आहे, कारण माझ्या पापाचे मूळ तिच्यात आहे. मला साडूंची भीती नव्हती. त्यांच्यासारखा मायाळू माणूस नात्यात दुसरा नव्हता. मला भीती होती ती बयानाची.

मोटारबोट त्यांनी नागपूरहून आणली. लढाई संपल्यावर फौजेचे जे जुने सामान विकायला निघाले होते, त्यातला हा एक लोखंडी जीव फिरत फिरत त्यांच्या नजरेस पडला. रेल्वेने बल्लारशापर्यंत आणि तिथून जंगलात रिकामा जाणाऱ्या लाकडाच्या ट्रकवर बसून बोट आमच्या गावात आली. आमचे गाव अहेरीच्या अलीकडे, प्राणहितेच्या काठावर आहे. बोट घाटावरच्या मोहाखाली उतरवली तेव्हा सारा गाव जमला. इंजिन बोटीच्या पोटात, पंखा मागे पाण्यात, आणि दोघांच्या मध्ये मागच्या फळीला चिकटून गिअरचा डबा. बसल्या जागेवरून एक दांडा हलवायचा. पुढे केला की बोट पुढे, मागे केला की मागे, मधोमध ठेवला की इंजिन नुसते फुरफुरणार. एवढीच त्याची विद्या. घाटावर डोंगा चालवणारा सुकरू ढिवर हे सगळे पाहून म्हणाला, "भाऊ, माहा डोंगाबी पुढं जाते, मागं जाते. फक्त दांडा पाण्यात रायते." साडू हसले. सुकरूचे डोंग्याचे काम जाईल असे त्यांच्या मनातही नव्हते. त्यांनी त्याला बोटीवर सुकाणूला बसवायचे कबूल केले होते. त्यांना फक्त एवढेच हवे होते, की घाटावर कुणी बसून राहू नये.

गिअरचा डबा उघडला तेव्हा आतले जुने तेल दुधासारखे पांढरे झाले होते. आत पाणी शिरले होते. साडूंनी रीतसर बयान घेऊन गळणारी फट शोधली, चामड्याची चकती कापून बसवली, डबा धुऊन वाळवला. आता नवे तेल हवे होते आणि ते चांद्याशिवाय मिळणार नव्हते. मला त्याच सुमारास शाळेच्या कामासाठी चांद्याला जायचे होते. साडूंनी मला तेलासाठी पत्र्याचा डबा दिला आणि सूचना दिल्या. डबा उभा धरायचा, मांडीवर धरायचा, आणि प्रत्येक थांब्यावर बूच काढून वास घ्यायचा, कारण वाटेत तेल बदलणारे लोक असतात. "वास मी घेतला असता," ते म्हणाले, "पण मले वास येत नाई." ते खरे होते. लहानपणापासून तपकीर ओढून त्यांचे नाक नुसते शोभेपुरते उरले होते. स्वयंपाकघरात भात करपला तरी ते शांतपणे बाहेर पेपर वाचत.

मी तेल घेतले. सूचना पाळल्या. आष्टीला मोटार सोडून वैनगंगा ओलांडायची आणि पलीकडे दुसऱ्या मोटारीत बसायचे, तिथेही मी आज्ञाधारकपणे बूच काढून वास घेतला. ते परत नीट दाबले नाही. पुढे मोटारीत मला डुलकी लागली. आलापल्लीच्या अलीकडे जाग आली तेव्हा पाय ओले होते, डबा हलका होता, आणि मागच्या बाकाखाली ठेवलेली एका बुरडाच्या बाईची नवी सुपे चांद्याच्या तेलात न्हाऊन निघाली होती. बाईने एक सूप उचलून उजेडाकडे धरले आणि म्हणाली, "मास्तर, आता याले कीड लागत नाई." तिच्या सुपांचे कल्याण झाले. माझे काय होणार, ते मला दिसत होते. बूच कोणत्या हाताने काढले. कोणत्या हाताने लावले. तेव्हा मनात कोणता विचार होता.

घरी पोचलो तेव्हा बायको शेजारी गेली होती. कोपऱ्यात टोरीच्या तेलाचे मडके होते. मी डबा भरला. रंग फिका वाटला, म्हणून कंदिलाच्या काचेवरची काजळी खरवडून त्यात ढवळली. डुलकी लागणे हा अपघात होता. काजळी ढवळणे हा अपघात नव्हता. मी ठरवले होते, की महिन्याभरात कुणीतरी चांद्याला जाईल, त्याच्याकडून खरे तेल मागवू आणि गुपचूप बदलून टाकू. त्या महिन्यात चांद्याला कुणी गेले नाही, निदान मी विचारावे असे कुणी गेले नाही. मी विचारले नाही, हेच खरे.

दिवस तेव्हा उन्हाचे होते, आणि गिअर लोण्यासारखा चालला. पुढे, मागे, मधोमध. साडू गावातल्या एकेकाला बसवून नदीत फिरवून आणत आणि किनाऱ्याला लागल्यावर न चुकता म्हणत, "चांद्याचं तेल म्हणजे तेल. आमच्या मास्तरनं वास घेऊन आणलं." लोक माझ्याकडे आदराने पाहत. फक्त सुकरू एकदा नाक वर करून म्हणाला, "भाऊ, तुमच्या बोटीतून वड्याचा वास येते." खरेच येत होता. डबा तापला की सारा घाट दिवाळीच्या सकाळसारखा दरवळायचा, आणि पलीकडे उतरणाऱ्या लोकांना अवेळी भूक लागायची. साडूंना वास येत नव्हता. त्यांना वाटले सुकरू थट्टा करतो आहे. ते मला म्हणाले, "मास्तर, तुमी सांगा. येते का वास?" मी म्हणालो, "पलीकडच्या गावात कुणीतरी तळत असेल."

मग मार्गशीर्षात थंडी पडली. आमच्याकडची थंडी नागपूरकर हसण्यावारी नेतात, पण नदीकाठी पहाटे गवतावर दव पांढरे दिसते आणि डोंग्याच्या काठाला हात लावला तर सोडवत नाही. एका सकाळी साडूंनी इंजिन सुरू केले, दांडा मागे ओढला, तो हलला नाही. पुढे ढकलला, गेला, पण परत येईना. मागे जात नव्हता आणि पुढून निघत नव्हता. साडूंनी इंजिन बंद केले, उपरणे कानावरून बांधले आणि बयान सुरू केले.

आता त्यांची पद्धत किती शुद्ध होती ते सांगायला हवे. त्यांनी आधी दांड्याला विचारले. मग दांड्यापासून मागे जाणारी सळई डब्याजवळ सोडवली आणि दांडा एकटाच हलवून पाहिला. मोकळा. निर्दोष. सळई हाताने पुढेमागे केली. मोकळी. निर्दोष. खिळी, बिजागऱ्या, पिना, प्रत्येकीची साक्ष, प्रत्येकीची सुटका. राहिला गिअरचा डबा. कुठल्याही शहाण्या माणसाने हेच केले असते, आणि आरोपी तोच होता. पण हे सगळे होईपर्यंत सूर्य मोहावरून सरकून बोटीवर आलेला असायचा. लोखंड तापायचे, टोरी वितळायची, आणि साडूंनी डब्याला "काऊन चालत नाई?" असे विचारून आतला दांता बोटाने ढकलला की तो निमूट ढकलला जायचा. पुढे, मागे, मधोमध. तेल पाहावे तर काळे आणि पातळ. "चालतो की," साडू बारीक आवाजात डब्याच्या वतीने म्हणायचे, आणि मग आपल्या आवाजात, थोडे गोंधळून, "मग सकाळी?" दुसऱ्या दिवशी तो पुन्हा अडून बसायचा. साडूंनी नाना तर्क केले. पंख्यात शेवाळ, वाळूचा कण, फौजेत असताना लागलेली उशिरा उठायची सवय. मंगळवारी जास्त अडतो, असे त्यांना काही दिवस वाटले. तोवर सुकरू डोंग्याच्या खेपांवर खेपा करत असायचा, आणि प्रत्येक खेपेला बोटीजवळून जाताना विचारायचा, "भाऊ, साहेब उठले का?"

मी रोज शाळेच्या आधी घाटावर जात होतो. सांगायला जात होतो. पण मी तोंड उघडण्याच्या आत साडू माझा हात धरून मला डब्याजवळ बसवायचे आणि कालची सगळी साक्ष पहिल्यापासून ऐकवायचे. तेवढे ऐकून झाल्यावर मधेच, "ते वड्याचं तेल आहे," हे कसे म्हणायचे? रविवारी मी त्यांच्या घरी जायचो. थोरल्या मेहुणीबाई मला वांगी द्यायच्या, वाल द्यायच्या, मास्तर किती वाळले म्हणायच्या. मी वांगी घेऊन परत यायचो. त्या हिवाळ्यात आम्ही एवढी वांगी खाल्ली की बायकोला संशय आला, माझे शाळेत काहीतरी बिनसले आहे. एके दिवशी साडू सहज म्हणाले, "सगळ्याइचं बयान झालं. फक्त तुमचं राह्यलं, मास्तर." मी त्या दिवशी वांगी तिथेच विसरून आलो.

मग तहसीलच्या साहेबांचे यायचे ठरले. घाटावर सरकारी परवानगीने मोटारबोट चालू द्यायची की नाही, हे ते बोटीत बसून ठरवणार होते. त्यांचा मुक्काम जवळच होता आणि त्यांना पुढे जायचे होते, म्हणून वेळ सकाळची मिळाली. साडूंनी मला मुक्कामावर पाठवले. एवढीच विनंती करायची, की दुपारी या. "कारण विचारलं तर सांगा, गिअरले सकाळ सोसत नाई." साहेब सभ्य होते. त्यांनी कारण विचारले. मी म्हणालो, काही विशेष नाही. मग सकाळच ठीक, ते म्हणाले, आणि मी ठीक म्हणून परत आलो.

पौषातली ती सकाळ. घाटावर मांडव, टेबलावर पांढरी चादर, झेंडूचे हार, पलीकडून आलेले लोक. बोटीचे नाक वाळूला टेकलेले, म्हणजे निघायला आधी मागेच जायला हवे. साडूंनी धुतलेला कोट घातला होता, बेलीफाचा. शेवटी धीर करून म्हणालो, "भाऊ, डब्याखाली जरा शेकोटी करू. शेक मिळाला की चालेल." साडूंनी माझ्याकडे पाहिले. "शेक? मास्तर, तो काय बाळंतीण आहे?" लोक हसले. मग ते हळू आवाजात, खरोखर जाणून घ्यायच्या इच्छेने म्हणाले, "काऊन शेक पाहिजे? तुमाले काही ठाऊक आहे का?"

तो क्षण मी आयुष्यभर उचलून पाहत आलो आहे. एक वाक्य हवे होते. घाटावर लाकडे होती, सुकरूच्या चिलमीत विस्तव होता, साहेब अजून मांडवात चहा पीत होते. मी म्हणालो, "नाही भाऊ. आपलं सहज."

साहेब बोटीत खुर्चीवर बसले. इंजिन सुरू झाले. साडूंनी दांडा मागे ओढला, तो हलला नाही. दोन्ही हातांनी ओढला. मग त्यांच्या हातून तो सटकला आणि पुढे गेला, आणि पुढे मात्र नीट बसला. बोट वाळूवर चढली. थांबवावी तर दांडा निघेना, आणि इंजिन बंद करायचे साडूंना त्या गडबडीत सुचले नाही. ती हळूहळू, एखाद्या म्हशीच्या धिमेपणाने, मांडवात शिरली. बांबू पडले, चादर साहेबांच्या अंगावर आली, हार इंजिनावर, आणि डब्यातून कडकन आवाज झाला. मग इंजिनही बंद पडले. साहेब चादरीतून बाहेर आले, कुणावर ओरडले नाहीत, फक्त घड्याळात पाहिले. सुकरूने त्यांना डोंग्यातून पलीकडे नेले. त्या दिवशी त्याने थट्टा केली नाही. वड्यांचा वास मात्र सुटला होता.

साडू डब्यासमोर उभे राहिले. मला वाटले आता उपरणे कानावरून बांधतील. त्यांनी डब्यावर हात मारला, चापट, साऱ्या गावासमोर, आणि म्हणाले, "बेइमान." एवढाच शब्द. साक्ष नाही, पुरावा नाही.

त्या दिवसानंतर त्यांनी कुणाचेही बयान घेतले नाही. बत्त्या आल्या, परत गेल्या. आलापल्लीला न्या, ते म्हणायचे. त्यांचे स्वतःचे घड्याळ थांबले, ते त्यांनी तसेच भिंतीवर राहू दिले. बोट मोहाखाली ओढून ठेवलेली होती आणि साडू तिच्या सावलीला बसून डोंग्याची वाट पाहणाऱ्यांच्या बरोबर वाट पाहत, त्यांना कुठे जायचे नसताना. मला वाटे, मी एक बोट बिघडवली असती तर सोसले असते. मी त्यांची जगाशी बोलायची भाषाच बिघडवली होती. आणि तरी मी गप्प होतो. वर्षे गेली. वांगी येत राहिली.

यंदा मोहफुलांच्या दिवसांत मला कळले, की आलापल्लीहून भंगारवाला येतो आहे, बोट तोडून न्यायला. मी सकाळीच घाटावर गेलो. बायका टोपल्या घेऊन मोहाखाली फुले वेचत होत्या. बोटीतही फुलांचा थर पडला होता, पिवळट, ओलसर. साडू काठावर बसले होते. मी विचारले, बोट खरेच द्यायची? ते म्हणाले, "एका बेइमानाले किती वर्सं सावली देऊ, मास्तर? माणसाचं समजू शकतो. यंत्र खोटं बोललं माह्याशी."

मी त्यांच्यासमोर मांडी घालून बसलो. माझे केस आता पांढरे झाले आहेत, आणि फुले वेचणाऱ्या बायकांत माझ्या जुन्या विद्यार्थिनी होत्या. मी म्हणालो, "भाऊ, माझं बयान राहिलं आहे. घ्या."

त्यांनी पाहिले. मग खांद्यावरचे उपरणे काढले आणि सावकाश कानावरून बांधले. "नाव?" मी सांगितले. "काम?" मास्तर, म्हणालो. "खरं सांगाल?" सांगेन, म्हणालो. आणि सांगितले. आष्टीचे बूच, बुरडाच्या बाईची सुपे, मडके, काजळी, साहेबांचा मुक्काम, शेकोटी. त्यांनी मधे एकही प्रश्न विचारला नाही, आणि आयुष्यभर ज्या प्रश्नांना मी घाबरलो त्यातला एखादा तरी त्यांनी विचारावा असे मला वाटत राहिले.

ते उठले. बोटीत चढले, फुले बाजूला सारली, डब्याचे झाकण सोडवले. आत बोट बुडवले आणि, वास येत नव्हता म्हणून, जिभेला लावले. तोंड कडू झाले असणार. "टोरी," ते म्हणाले. पुन्हा एकदा चाखले. त्यांच्या चेहऱ्यावर राग येईल म्हणून मी पाहत होतो. आले ते भलतेच. हरवलेली छत्री सापडावी तसे काहीतरी. "थंडीत अडे, उन्हात चाले," ते स्वतःशी म्हणाले. "रोज सांगत होता. रोज खरं सांगत होता तो."

"भाऊ, चूक माझी होती," मी म्हणालो. "मला माफ करा."

"माहं मी पाहून घेईन," ते म्हणाले. "आधी त्याले म्हणा. त्याच्यावर आळ आला."

बायका वेचायच्या थांबल्या होत्या. मी बोटीत चढलो, गंजलेल्या डब्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणालो, "माफ कर बाबा. तू खोटं बोलला नव्हतास." हात काढून घेणार, तोच दिसले की माझ्या हाताशेजारी, जिथे त्यांनी एकदा चापट मारली होती नेमके तिथेच, साडूंचाही हात होता, आणि त्यांचे ओठ हलत होते.